लोखंडी फर्निचर शिल्प कधी होतं, आणि कसं घडतं

एखादं लोखंडी टेबल शिल्प आहे की नुसतं नटवलेलं टेबल, हे ओळखायची एक कसोटी आहे. त्यावरची पानं, वेली, वेटोळी मनातल्या मनात कापून टाका. टेबल तसंच उभं राहिलं, तर ती नक्षी नंतर चिकटवलेली आहे. कोसळलं, तर वजन पेलणारी रेषा आणि डोळ्याला दिसणारी रेषा एकच आहे, आणि ते टेबल शिल्पाच्या जवळ गेलेलं आहे. बाजारात 'आर्टिस्टिक' म्हणून मिळणाऱ्या बहुतेक लोखंडी फर्निचरमध्ये चौकोनी पाईपचा सांगाडा असतो आणि त्यावर विकत आणलेली तयार फुलं वेल्ड केलेली असतात. तेही काम आहे, त्यालाही गिऱ्हाईक आहे. पण तो वेगळा माल आहे आणि त्याची किंमतही वेगळी असायला हवी.

ही कसोटी आपल्याकडे कुणी बाहेरून आणलेली नाही. वाई-साताऱ्याच्या जुन्या वाड्यांतले झोपाळे आठवा. फळी साधी लाकडी, पण तिला तोलणाऱ्या पितळी कड्यांमध्ये मोर, हत्ती ओवलेले. बसलेल्या माणसांचं सगळं वजन त्या मोराच्या पोटातून आणि हत्तीच्या पाठीतून तुळईपर्यंत जातं. एक मोर निखळला, तर झोपाळा खाली येईल.

युरोप-अमेरिकेत हीच गोष्ट कारखान्यातून कलेत गेली. हुलिओ गोन्सालेस हा स्पॅनिश शिल्पकार पॅरिसजवळच्या रेनो मोटार कारखान्यात १९१८ मध्ये गॅस वेल्डिंग शिकला, आणि १९२८ पासून पिकासोला लोखंडी शिल्पं घडवायला त्यानेच हात दिला. हॅरी बर्टोयाने १९५२ मध्ये अमेरिकेतल्या नोल कंपनीसाठी वेल्ड केलेल्या तारेच्या खुर्च्या केल्या. त्यांच्या उत्पन्नावर तो पुढे पूर्णवेळ शिल्पकामाकडे वळला. वेल्डिंग मशीन आधी, शिल्प नंतर, असा हा क्रम आहे.

त्या अर्थाने सातारा-सांगली पट्ट्यात अर्धं काम झालेलंच आहे. किर्लोस्करवाडीत १९१० पासून लोखंड ओतलं आणि घडवलं जातंय. कुपवाड, मिरज, सातारा, कराडच्या औद्योगिक वसाहतींत वेल्डर, लेथवाला, पावडर कोटिंगवाला हाकेच्या अंतरावर सापडतात. कमानपाटा, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी, तापवून विळे-कुऱ्हाडी काढणारे घिसाडी आठवडी बाजारात अजून दिसतात, आणि तापलेल्या लोखंडाचा रंग त्यांच्याइतका अचूक वाचणारं दुसरं कुणी नाही. हात आहेत, यंत्रं आहेत. राहतं ते कामाआधीचं रेखाटन. फॅब्रिकेशनच्या दुकानात रेखाटन म्हणजे समोरून काढलेला एक चौकोन आणि त्यावर मापं. शिल्पाला चारही बाजू असतात. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्प आहे. त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारा, दर दोन पावलांनी बाह्यरेषा बदलते. खुर्चीकडेही असंच बघायचं असतं, कारण घरात खुर्ची बहुतेक वेळा पाठीमागून किंवा तिरकी दिसते.

एक तिवई, सुरुवातीपासून

सगळं हवेत बोलण्यापेक्षा एकच वस्तू घेऊ. सोफ्याशेजारी ठेवायची तिवई: वर ५०० मिमी व्यासाचा, २० मिमी जाडीचा गोल कडप्पा, उंची ४५० मिमी, खाली १६ मिमीच्या भरीव गजाचे तीन पाय. पाय वरच्या कड्यापासून आत झुकतात, जमिनीपासून साधारण २२० मिमीवर तिघे एकमेकांना टेकतात, आणि तिथून पुन्हा बाहेर फाकून जमिनीला लागतात. जिथे टेकतात तिथे कंबर. ही कंबर तिवईची शोभा आहे आणि तिचा ताठपणाही तिथेच आहे. ती सोडली की पाय फाकतील.

तीन पायच का? तीन टोकं कुठल्याही फरशीवर टेकतातच, चौथा पाय आला की डुगडुगणं आलं. पण तीन पायांची एक खोड आहे आणि बहुतेक फसलेल्या तिवया याच कारणाने फसतात: त्या दोन पायांच्या मधल्या बाजूला कलंडतात. कडप्पा साडेदहा किलो, लोखंड साडेचार किलो, म्हणजे तिवई १५ किलोची. पायांची टोकं केंद्रापासून २१० मिमीवर ठेवली, तर कलंडायची रेषा केंद्रापासून फक्त १०५ मिमीवर येते, कारण समभुज त्रिकोणात हे अंतर बरोबर निम्मं असतं. टेबलाची कड मात्र २५० मिमीवर. म्हणजे कड कलंडरेषेच्या १४५ मिमी बाहेर. १५ गुणिले १०५ भागिले १४५, उत्तर येतं जवळपास ११ किलो. उठताना कुणी कडेवर हाताचा जरा भार दिला, की दगडासकट तिवई अंगावर. टोकं ३०० मिमीवर नेली, तर हाच आकडा साडेबावीस किलो होतो. पण मग पाय दगडाच्या बाहेर ५० मिमी येतात आणि येता-जाता अंगठे ठेचतात. २८० मिमीवर १९ किलोचा भार चालतो आणि पाय फक्त ३० मिमी बाहेर दिसतात. आमचं मत या २८० ला.

हा हिशेब कागदावर झाल्यावर एक-पंचमांश आकाराचा तारेचा नमुना करायचा. त्यासाठी ३.१५ मिमीच्या वेल्डिंग रॉडवरचं आवरण ठोकून काढलं की आतली तार अगदी हवी तेवढी जाड मिळते, कारण १६ मिमीचा पाचवा भाग ३.२ मिमी. जाडी प्रमाणात असल्यामुळे डोळा फसत नाही. नमुना टेबलावर ठेवून फिरवा, बल्ब खाली-वर करून सावली पाहा. बदल करायचा तो इथेच. भट्टीवर केलेला बदल दहापट महाग पडतो.

मग पत्र्यावर खडूने पूर्ण आकारात एक पाय काढायचा. त्या वक्र रेषेवर सुतळी ठेवून लांबी मोजायची, ती साधारण ७२० मिमी भरते. पण गज तेवढा कापायचा नाही. पायाचं खालचं टोक निमुळतं करायचं आहे, शेवटच्या २०० मिमीत १६ वरून १० मिमीपर्यंत. लोखंड ठोकल्याने कमी होत नाही, लांबतं. त्या २०० मिमीसाठी मूळ गजाचे १३५ मिमीच पुरतात. म्हणून ६५५ मिमी, आणि वरच्या टोकाला छाटायला १५ मिमी जास्त धरून ६७० मिमीचे तीन तुकडे.

तापवणं आणि ठोकणं

रंग उन्हात वाचता येत नाही, म्हणून भट्टी नेहमी सावलीत. साध्या लोखंडाचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा, ठोकायचा पट्टा साधारण ९०० ते ११०० अंश सेल्सिअस: नारिंगीपासून पिवळ्यापर्यंत. गर्द लाल झालं की हातोडा थांबवायचा आणि परत भट्टीत घालायचं. त्याखाली, २०० ते ३५० अंशांच्या आसपास, लोखंडावर निळसर छटा येते. त्या वेळी ते थंडपेक्षाही ठिसूळ असतं आणि वाकवलं तर तडकू शकतं. दुसऱ्या टोकाला, पांढरं होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या की लोखंड जळलं. तो तुकडा वाया, कितीही ठोकला तरी आतून भुसभुशीतच राहतो.

निमुळतं करताना थेट गोल ठोकायला जाऊ नका. आधी चौकोनी करायचं, मग कोपरे मारून अष्टकोनी, मग गोल. थेट गोल ठोकत गेलं की गजाच्या मध्यात उभी चीर पडते. ती बाहेरून दिसत नाही, पण टोक छाटल्यावर काळं भोक होऊन समोर येते.

वाकवण्यासाठी ८ मिमी जाडीच्या प्लेटवर खडूच्या रेषेलगत लोखंडी ठोकळे वेल्ड करून साचा करतात. गज गरम असताना साच्यात बसवला की परत उसळत नाही. थंड वाकवला तर उसळतो, आणि तीन पाय तीन आकाराचे होतात. तसे ते अगदी एकसारखे नसले तरी चालतात. हाताच्या कामात मधला झोल थोडा इकडे-तिकडे झाला तर तिवईत जीव येतो. पण वरचं टोक, कंबर आणि तळ हे तीन बिंदू तिन्ही पायांत मिलिमीटरला जुळले पाहिजेत.

कंबरेला २० × ५ मिमी पट्टीचा आवळ. तीन १६ मिमीचे गज एकमेकांना चिकटले की त्यांच्याभोवतीची दोरी भरते ९८ मिमी. पट्टी वाकताना तिची मधली रेषा लांबी राखते, म्हणून त्यात जाडीच्या ३.१४ पट मिळवायचे, एकूण ११४ मिमी. पट्टी नारिंगी करून झटपट गुंडाळायची आणि तोंडं मागच्या बाजूला भिडवायची. थंड होताना ती सव्वा मिमीच्या आसपास आकसते आणि तिन्ही गजांना करकचून धरते. गज फिरू नयेत म्हणून आवळ घालण्याआधी, तो जिथे झाकेल तिथेच, आत वेल्डचे छोटे टाके मारून ठेवायचे. निव्वळ वेल्डिंगने हे काम दहा मिनिटांत होतं, हे खरं. पण वेल्ड घासून सपाट केलेली कंबर ओठ शिवल्यासारखी निर्जीव दिसते. आवळ घातला की तीन गज कशाने एकत्र आले ते बघणाऱ्याला कळतं. जिथे सांधा दिसणार आहे तिथे तो सांधा म्हणूनच दिसू द्यावा, या मताशी आम्ही ठाम आहोत.

वरचं कडं २५ × ५ मिमी पट्टीचं, ४४० मिमी व्यासाचं. पाय कड्याला जोडताना खरी परीक्षा. वेल्ड थंड होताना आकसतो आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतो. एक पाय पूर्ण वेल्ड करून मग दुसऱ्याकडे गेलात, तर कडं वाकडं झालंच म्हणून समजा. आधी तिन्ही पायांना टाके, मग पायांच्या टोकांमधली तीन अंतरं मोजा, प्रत्येक ४८५ मिमी यायला हवं. बरोबर असेल तरच पुढे: २.५ मिमीचा, ६०१३ क्रमांकाचा वेल्डिंग रॉड, ७० ते ८५ अँपिअर, एका पायावर १५ मिमीचा वेल्ड, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, असं फिरत राहायचं. शेवटी कडं सपाट काचेवर उलटं ठेवून पाहा. फट एक मिमीपेक्षा जास्त असेल तर तापवून सरळ करा. दगड ठेवताना कड्यावर तीनच रबरी चकत्या, बरोबर पायांच्या डोक्यावर. कडप्पा ताणाला कच्चा असतो, वाकड्या कड्यावर चारी बाजूंनी चिकटवला की काही महिन्यांत त्याला चीर जाते.

पाईप, पत्रा आणि भंगार

भरीव गजाऐवजी पाईप का नको? ताठपणाच्या हिशेबात पाईप फार पुढे आहे. २५ मिमी व्यासाचा, २ मिमी जाडीचा पाईप मीटरला १.१३ किलो भरतो आणि १६ मिमीचा गज १.५८ किलो, तरीही पाईप तिप्पट ताठ. लांब बाक किंवा पलंग असेल तर पाईपच योग्य. पण पाईप गजासारखा सहज निमुळता करता येत नाही, हातोड्याची खूण नीट घेत नाही, आणि आतून गंजतो. बंद पाईपच्या वेल्डमध्ये सुईएवढं छिद्र राहिलं, तरी दिवसा तापून आणि रात्री थंड होऊन पाईप श्वास घेतो आणि प्रत्येक वेळी दमट हवा आत ओढतो. २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात बुडालेल्या घरांतलं पाईपचं फर्निचर बाहेरून पुसून ठेवून भागत नाही, ते याच कारणाने. तळाला ६ मिमीचं भोक पाडून पाणी काढून, उन्हात वाळवूनच वापरायला घ्यायचं.

बैठक पत्र्याची असेल तर सपाट पत्रा टाळा. २ मिमीचा सपाट पत्रा बसल्या-उठल्या 'टप्प' वाजतो. त्याच पत्र्याला वाळूच्या पोत्यावर ठोकून वाटीसारखा खोलगट आकार दिला, किंवा कडा मुडपली, की तो गप्प होतो. वक्रतेतच ताकद आहे, आणि बसण्यासाठीही तोच आकार सुखाचा. बैठकीची उंची ४२० ते ४५० मिमी, पाठ बैठकीशी साधारण १०० ते १०५ अंशांत. सुंदर पण बसता न येणाऱ्या खुर्च्या बऱ्याच होतात, म्हणून तारेच्या नमुन्यानंतर प्लायवूडच्या फळ्यांवर एकदा प्रत्यक्ष बसून पाहावं. आणि उघड्यावर ठेवणार असाल तर एप्रिल-मे महिन्यांत सांगली-मिरजेच्या उन्हात लोखंडी बैठकीवर हात ठेवता येत नाही. तिथे वर लाकडी पट्ट्या बसवा.

भंगारातून शिल्प करायची सध्या हौस आहे आणि साखर कारखाने, ट्रक, ट्रॅक्टर यांच्या जिल्ह्यांत भंगाराला तोटा नाही. पण लोखंड म्हणजे एकच धातू नव्हे. कमानपाट्याचं लोखंड कडक, जास्त कार्बनचं. तसाच वेल्ड केला तर वेल्डशेजारची कड काचेसारखी होते आणि झटक्यात तुटते. आधी सगळा सांधा २५०-३०० अंशांपर्यंत तापवून मगच वेल्ड करायचा, आणि नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून हळू थंड होऊ द्यायचा. बीडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे, गिअर-चाकं साध्या रॉडने जुळत नाहीत. त्यांना निकेलचा रॉड लागतो, नाहीतर सरळ बोल्ट मारा. आणि जस्ताचा थर असलेला जीआय पाईप भट्टीत घालू नका, घासल्याशिवाय वेल्डही करू नका. त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

गंज: इथेच बहुतेक कामं हरतात

माइल्ड स्टीलच्या गजावर कारखान्यातून येतानाच निळी-काळी खपली असते, आणि भट्टीतून आणखी येते. तिच्यावर रंग मारला तर रंग लोखंडाला नाही, खपलीला चिकटतो, आणि खपली सुटली की दोन्ही एकदम पडतात. सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा, करा किंवा वायर ब्रश आणि ग्राइंडर घेऊन बसा, पण खपली गेलीच पाहिजे. मग उघड्या हाताने स्पर्शही नको. पावसाळ्यात घामाची बोटं दोन दिवसांत तांबड्या ठशांनी उमटतात.

धारदार कडेवर रंग टिकत नाही, कारण ओला रंग कडेवरून मागे सरकतो आणि तिथे पातळ राहतो. म्हणून प्रत्येक कड ग्राइंडरला लावायच्या फ्लॅप डिस्कने २ मिमी गोल करा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगकाम बंद. साताऱ्यात जुलैत याचा अर्थ कित्येक दिवस थांबावं लागतं, आणि थांबावंच.

कुठला लेप, हे वस्तू कुठे राहणार यावर ठरतं. घरात असेल तर मेण आणि जवसाचं तेल सर्वांत सुंदर. लोखंड हात लावला तर पोळेल इतकं गरम करून, डबल बॉइल्ड लिनसीड ऑइलमध्ये वितळवलेलं मधमाश्यांचं मेण फडक्याने चोळायचं आणि जास्तीचं पुसून काढायचं. हातोड्याची प्रत्येक खूण दिसत राहते. त्या तेलकट फडक्यांचे गोळे करून टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. माण, जत, आटपाडीसारख्या कोरड्या भागात अंगणातल्या छपराखाली झिंक प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग पुरतो. पावडर कोटिंग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पक्कं होतं, ६० ते ८० मायक्रॉनचा एकसारखा थर देतं, पण खोल खाचांत पावडर नीट पोचत नाही आणि बारीक हातकाम थराखाली बुजतं.

महाबळेश्वर-पाचगणीसाठी बोलायचं तर तिथे चार महिने पाऊस आणि धुकं, उघड्यावर नुसता रंग टिकत नाही. हॉट डिप गॅल्व्हनायझिंग करा, म्हणजे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात संपूर्ण वस्तू बुडवणं, आणि त्यावर रंग. यासाठी प्रत्येक बंद पाईपला दोन्ही टोकांना भोकं असलीच पाहिजेत, नाहीतर आतली हवा आणि ओल फुगून तो जस्ताच्या कढईत फुटतो, आणि माणसं भाजतात. कॉर्टेनचं, म्हणजे गंजाच्याच थराने स्वतःला राखणाऱ्या पोलादाचं, गंजलेलं रूप हल्ली लोकप्रिय आहे, पण त्याचा संरक्षक थर आलटून-पालटून ओलं-कोरडं होण्यानेच बनतो. सतत ओल्या हवेत तो बनतच नाही, आणि खालच्या फरशीवर तांबडे ओघळ येतात.

काम सांगताना

या तिवईत साडेचार किलोच लोखंड आहे, त्याची किंमत काहीशे रुपये. दगड, कटिंग, लेप वेगळे. बाकीचं मोल दोन माणसांच्या तीन-चार दिवसांचं आहे. त्यामुळे किलोवर भाव ठरवू नका, किलोवर भाव लावला की कारागीर जाड पाईप घालून वजन वाढवणार आणि घडण कमी करणार. आधी पूर्ण आकाराचं रेखाटन आणि तारेचा नमुना पाहा आणि त्याचे पैसे वेगळे द्या. काम कच्चं असताना, रंगाआधी, एकदा जाऊन या, कारण रंगाखाली सगळं झाकलं जातं. तिवई उलटी करायला सांगा. सुती फडकं सगळ्या पायांवरून फिरवा, जिथे अडकेल तिथे कड राहिली आहे. टॉर्च लोखंडाला समांतर धरा, घासलेल्या वेल्डवरचे खड्डे सावलीत लगेच दिसतात. दोन पायांच्या मध्ये उभं राहून कडेवर दाबून बघा.

घरी आणल्यावर पायांच्या तळाला नायलॉनच्या टोप्या लावा. रोज फरशी पुसताना ओल तिथेच साचते, आणि तिवईचा पहिला गंज नेहमी तळातून सुरू होतो. वर्षातून एकदा, मे महिन्यात, टोप्या काढून तळ तपासा. तांबडं दिसलं तर तेवढीच जागा १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून, मेणाचं काम असेल तर मेण, रंगाचं असेल तर प्रायमर आणि रंग लावून पुन्हा टोप्या चढवा.